कनातीतलं सरकार

कामाकुराच्या स्टेशनातून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागलं की रस्त्याच्या मधोमध दगडी काठाची, जरा उंचावलेली एक पायवाट दिसते. दोन्ही अंगांनी गाड्या धावत असतात, कडेला चेरीची झाडं, आणि माणसं त्या मधल्या वाटेने हाचिमान देवाच्या देवळाकडे चाललेली असतात. या वाटेचं नाव दानकाझुरा. ११८२ साली मिनामोतो नो योरितोमो या सरदाराची बायको मासाको गरोदर होती. तिची सुखरूप सुटका व्हावी म्हणून त्याने ही वाट बांधायला काढली. त्याचा सासरा होजो तोकिमासा आणि बरोबरचे सरदार यांनी स्वतः दगडमाती वाहिली, अशी जुन्या बखरीत नोंद आहे. देवळाकडे जाता जाता वाट हळूहळू अरुंद होते, त्यामुळे देऊळ आहे त्यापेक्षा दूर भासतं. मी दोनदा मागे वळून पाहिलं, तेव्हा कुठे हे लक्षात आलं.

टोकियोहून लोकलने तासाभरात इथे पोचता येतं. बहुतेक पर्यटक येतात ते उघड्यावर बसलेल्या ब्राँझच्या भव्य बुद्धासाठी. मी आलो होतो शोगुनांसाठी. जिथे त्यांचं राज्य सुरू झालं तिथून निघायचं आणि जिथे संपलं तिथे जायचं, एवढंच ठरवलं होतं. टोकियोत नोकरी करणारी माझी भाची सोबत होती. पाट्या वाचायचं काम तिच्याकडे.

देवळाच्या मोठ्या जिन्याला ६१ पायऱ्या आहेत. चढताना डाव्या हाताला कुंपणात जपलेला एक बुंधा दिसतो. इथे गिंकोचं प्रचंड झाड होतं, हजार वर्षांचं मानलं जाणारं. २०१० च्या मार्चमध्ये वादळी वाऱ्यात ते उन्मळून पडलं. आता मुळांना फुटवे आले आहेत. १२१९ च्या हिवाळ्यात, बर्फ पडलेलं असताना, योरितोमोचा धाकटा मुलगा आणि तिसरा शोगुन सानेतोमो याच जागी मारला गेला. क्योतोच्या दरबाराने त्याला मंत्रिपद दिलं होतं आणि त्याबद्दल देवाचे आभार मानून तो परतत होता. मारेकरी त्याचा सख्खा पुतण्या कुग्यो, याच देवस्थानचा मुख्य पुजारी. झाडाआड तो लपला होता, असं लोक सांगतात.

"मामा, मग राज्य संपलं का तिथेच?" भाचीने विचारलं. नाही संपलं. उलट त्यानंतर शंभरहून जास्त वर्षं कामाकुराचं सरकार चाललं. शोगुन म्हणजे तलवारीच्या जोरावर राज्य करणारा एक मनुष्य, एवढंच आपण धरून चाललो तर हे कोडं सुटत नाही.

शोगुन या पदवीचं पूर्ण रूप 'सेइ-इ ताइशोगुन', म्हणजे रानटी लोकांवर स्वारी करणारा महासेनापती. आधीच्या काळात ईशान्येकडच्या एमिशी लोकांवर फौज पाठवताना सम्राट आपल्या सेनापतीला ती देत असे. मोहीम संपली की पदवीही संपायची. योरितोमोला ती ११९२ मध्ये मिळाली, आणि पुढे ती गादीसारखी चालत राहिली. त्याच्या सरकाराला म्हणतात 'बाकुफू'. 'बाकू' म्हणजे कनात, 'फू' म्हणजे कचेरी. मुक्कामावर कनात लावून सेनापती आत बसायचा, म्हणून हे कनातीतलं सरकार. क्योतोत सम्राटाचा दरबार होता तसाच राहिला. त्याचे मंत्री, त्याची पंचांगं, त्याचे समारंभ सगळं चालू राहिलं. शेकडो किलोमीटर पूर्वेला, तीन बाजूंनी डोंगर आणि चौथीकडे समुद्र असलेल्या या गावात दुसरी कचेरी उभी राहिली.

पण खरी गोष्ट पदवीच्या सात वर्षं आधी घडून गेली होती. ११८५ मध्ये दान-नो-उरा इथल्या आरमारी लढाईत योरितोमोचं वैरी ताइरा घराणं बुडालं. त्याच वर्षी योरितोमोचा आपल्या भावाशी, म्हणजे योशित्सुनेशी बेबनाव झाला आणि भाऊ पळाला. त्याला हुडकून काढायचं निमित्त करून योरितोमोने दरबाराकडून एक परवानगी काढली. प्रांतोप्रांती 'शुगो' म्हणजे फौजी बंदोबस्ताचे अधिकारी, आणि जहागिरींवर 'जितो' म्हणजे वसुली व देखरेख करणारे कारभारी नेमायचे. नेमणूक त्याची, आणि माणसंही त्याचीच. एवढ्या एका कागदाने त्याचा हात गावागावांतल्या धान्यापर्यंत पोचला. त्याच्या सरदारांना 'गोकेनिन' म्हणत. त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीचा हक्क तो शिक्कामोर्तब करून पक्का करी, पराक्रमाबद्दल नवी जमीन देई, आणि बदल्यात ते लढाईला आणि पहाऱ्याला येत. सरदारांसाठी एक कचेरी, सामान्य कारभारासाठी दुसरी, दावे ऐकायला तिसरी, अशा तीन कचेऱ्या त्याने ११८४ पर्यंत, म्हणजे शोगुन होण्याच्या कितीतरी आधी उघडल्या होत्या.

त्याची समाधी देवळाच्या पूर्वेला, थोड्या पायऱ्या चढून गेल्यावर एका टेकडीवर आहे. माणसाच्या उंचीएवढा शेवाळलेला दगडी मनोरा, भोवती साधं दगडी कुंपण. आम्ही गेलो तेव्हा वर दुसरं कोणी नव्हतं. सध्याची मांडणी अठराव्या शतकात सात्सुमाच्या शिमाझू घराण्याने केली, कारण ते स्वतःला योरितोमोचे वंशज म्हणवत. पुढे याच सात्सुमाच्या फौजांनी शेवटची शोगुनशाही पाडली.

सानेतोमोच्या खुनानंतर काय झालं, ते मासाकोकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. नवरा ११९९ मध्ये गेल्यावर तिने केस उतरवले आणि जोगीण झाली, पण सूत्रं सोडली नाहीत. लोक तिला 'आमा शोगुन', जोगीण शोगुन म्हणत. १२२१ मध्ये निवृत्त सम्राट गो-तोबाने कामाकुराविरुद्ध फर्मान काढलं. सम्राटाविरुद्ध हत्यार उचलायचं कसं, या विचाराने सरदार कचरले. तेव्हा मासाकोने त्यांना जमवून योरितोमोच्या उपकारांची आठवण दिली. तुमच्या जमिनी, तुमची प्रतिष्ठा कुणामुळे आहे, हा तिचा सवाल होता. फौज निघाली आणि क्योतो पडलं. गो-तोबाला ओकी बेटावर पाठवलं, आणि तिथेच अठरा वर्षांनी तो वारला. दरबाराच्या बाजूने लढलेल्यांच्या सुमारे तीन हजार जहागिरी कामाकुराने आपल्या माणसांत वाटल्या. राजसिंहासन मात्र मोडलं नाही. त्यावर दुसऱ्याला बसवलं.

आणि शोगुन? योरितोमोच्या वंशात गादीला वारस उरला नव्हता. मग क्योतोहून एका उमराव घराण्यातलं तान्हं मूल आणलं गेलं, पुढे सम्राटाच्या घरचे राजपुत्र आणले गेले, आणि त्यांना शोगुन केलं. कारभार मासाकोच्या माहेरच्या होजो घराण्याकडे, 'शिक्केन' या पदाने. म्हणजे क्योतोत सम्राट, त्याच्यामागे बहुधा निवृत्त सम्राट. कामाकुरात शोगुन, त्याच्यामागे शिक्केन. होजोंपैकी कोणीही स्वतः शोगुन झाला नाही. पेशव्यांना साताऱ्याहून वस्त्रं यायची आणि निर्णय पुण्यात व्हायचे, हे ज्याने शाळेत वाचलंय त्याला ही रचना समजायला वेळ लागत नाही. पण जपानात ती दोन-दोन थरांची होती, आणि कमीअधिक फरकाने जवळपास सातशे वर्षं टिकली.

या होजोंबद्दल माझ्या मनात आदर आहे तो त्यांच्या कायद्यामुळे. १२३२ मध्ये होजो यासुतोकीने ५१ कलमांची संहिता काढली. भाषा साधी, सरदारांना कळेल अशी. वीस वर्षं जमीन कसत आणि सांभाळत असलेल्याला मूळ हक्क काहीही असो, हुसकता येणार नाही, असं एक कलम. ज्या बाईला मूल नाही तिने दत्तक घेऊन त्याला जमीन द्यावी, यालाही मान्यता. दाव्यात वादीचं लेखी म्हणणं आणि प्रतिवादीचं लेखी उत्तर तीन-तीन वेळा घेत आणि मग समोरासमोर सुनावणी करत. तेराव्या शतकात, लढवय्यांनी चालवलेल्या कचेरीत हे होत होतं. पुढे शेकडो वर्षं मुलं अक्षर गिरवायला हीच कलमं वापरत. १२७४ आणि १२८१ च्या मंगोल स्वाऱ्या कामाकुराने परतवल्या, पण परक्याला हाकलून जमीन मिळत नाही. सरदारांना द्यायला काही उरलं नाही, आणि जमिनीवर उभं असलेलं राज्य तिथेच पोखरलं. १३३३ मध्ये ते पडलं.

क्योतोला बुलेट ट्रेनने गेलो. दुसरी शोगुनशाही आशिकागा घराण्याची, १३३८ पासून, खुद्द सम्राटाच्या शहरात. तिसरा शोगुन योशिमित्सुचा सोन्याचा वर्ख लावलेला मंडप पाहायला जग लोटतं. तळमजला दरबारी वाड्यासारखा, मधला सामुराईच्या घरासारखा, वरचा झेन मंदिरासारखा. चीनच्या मिंग दरबाराने त्याला जपानचा राजा म्हणून पत्रं धाडली. पण या घराण्याकडे स्वतःची जमीन थोडी, आणि प्रांतांतले शुगो बलाढ्य. सहाव्या शोगुनला १४४१ मध्ये त्याच्याच एका सरदाराने मेजवानीला बोलावून मारलं. १४६७ ते १४७७ च्या ओनिन युद्धात क्योतो जळून गेलं, त्यानंतर शंभर वर्षं जो तो आपल्या मुलखाचा धनी. १५७३ मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराने शेवटच्या आशिकागाला शहराबाहेर काढलं. सोनेरी मंडपापुढे मी फार थांबलो नाही. मला निजो किल्ला गाठायचा होता.

निजोत जोडे काढून आत शिरलो आणि पहिल्याच पावलाला लाकडी जमीन चिवचिवली. कोवळा, पाखरासारखा आवाज. पुढे शाळेच्या मुलांचा घोळका होता, त्यामुळे सगळी ओसरीच किलबिलत होती. फळ्यांखालचे लोखंडी आकडे आणि खिळे घासून हा आवाज येतो. रात्री मारेकरी आला तर कळावं म्हणून ही युक्ती केली, ही कथा सगळीकडे सांगितली जाते. पण मला त्या फळ्यांपेक्षा इथली आसनव्यवस्था जास्त बोलकी वाटली.

किल्ला १६०३ चा, तोकुगावा इएयासूने बांधलेला. १६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई जिंकून तीन वर्षांनी तो शोगुन झाला, आणि दोनच वर्षांत पद मुलाला देऊन मोकळा झाला. ही पदवी आमच्या घराण्यातच राहणार, हे सगळ्यांना दिसावं म्हणून. कारभार तो मागून पाहत राहिला. आजचा वाडा त्याचा नातू इएमित्सु याच्या काळात सजला. पहिल्या दालनांत भिंतीभर वाघ. चित्रकारांनी जिवंत वाघ पाहिलेला नव्हता, कातडी पाहून काढले. बिबट्या म्हणजे वाघीण, अशी त्यांची समजूत, म्हणून वाघांत ठिपकेवालीही बसली आहे. मुलखावरून आलेला डायम्यो, म्हणजे सरंजामदार, इथे ताटकळत बसे, समोर हे वाघ. पुढच्या दालनात शोगुनचे वरिष्ठ मंत्री त्याची भेटवस्तू घेत. त्याहून आत मोठा दरबार. तिथे भिंतीवर छत पेलणारे पाइन वृक्ष आणि जमिनीला एक पायरी. पायरीवर शोगुन, खाली डायम्यो, कपाळ चटईला टेकवून. सेकिगाहारानंतर तोकुगावांना शरण आलेले 'तोझामा' याच दालनापर्यंत. आधीपासूनचे विश्वासू 'फुदाई' त्याच्याही आतल्या दालनात. तुम्ही किती दालनं ओलांडता, यावर तुमची राज्यातली किंमत ठरलेली.

आणि याच वाड्यात, दाराजवळच्या इमारतीत, एक दालन सम्राटाच्या दूतासाठी आहे. तिथेही एक पायरी आहे. त्या पायरीवर दूत बसे आणि शोगुन खाली. भाचीने पाटी दोनदा वाचली. साऱ्या जपानला खाली बसवणारा मनुष्य त्या एका खोलीत स्वतः खाली बसायचा, कारण त्याची पदवी त्या वरच्या जागेवरून आलेली होती.

सम्राटाचा वाडा इथून चालत अर्ध्या तासावर. मान दिला, मोकळीक नाही. १६१५ मध्ये तोकुगावांनी दरबारासाठी १७ कलमांचं पत्रक काढलं, त्यातलं पहिलंच कलम सांगतं की सम्राटाने विद्येत लक्ष घालावं. दरबारावर नजर ठेवायला क्योतोत शोगुनचा खास अधिकारी कायम असे. १६३४ मध्ये इएमित्सु तीन लाखांहून जास्त माणसं घेऊन क्योतोत आला. त्यानंतर २२९ वर्षं एकाही शोगुनला इथे यावंसं वाटलं नाही, इतकी घडी बसली होती.

ती घडी कशाने बसली, ते हाकोनेच्या घाटात कळतं. आशी तळ्याच्या काठावर जुना तपासणी नाका पुन्हा उभारला आहे. काळपट लाकडाची कचेरी, घोड्यांचा तबेला, आत करड्या रंगाच्या माणसांच्या आकृत्या. एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, क्योतोला जाणारा तोकाइदो रस्ता इथून जातो. अशा नाक्यांवर मुख्य लक्ष दोन गोष्टींवर असे. आत येणाऱ्या बंदुका आणि बाहेर जाणाऱ्या बायका. बंदुकांचं कारण उघड आहे. बायकांचं असं की, १६३५ पासून पक्क्या होत गेलेल्या नियमाने डायम्योने एक वर्ष आपल्या मुलखात आणि एक वर्ष एदोत काढायचं, आणि त्याची बायको व वारस मुलगा कायम एदोतच राहायचा. म्हणजे अडीचशेहून जास्त सरंजामदारांचं घरदार शोगुनच्या दाराशी ओलीस. एखादी बाई पळून निघाली तर बंडाची पहिली चाहूल तीच. म्हणून परवान्यात तिचं वर्णन लिहिलेलं असे, आणि नाक्यावरच्या म्हाताऱ्या तपासणीसबाया तिचे केस सोडून एकेक बट पाहत. एका कोपऱ्यात ते दृश्य मांडलं आहे. पाठमोरी बसलेली बाई आणि तिच्या केसांत बोटं घालून पाहणारी दुसरी. भाची तिथे बराच वेळ उभी राहिली. मलाही राज्यकारभाराचं इतकं जवळून दिसलेलं चित्र दुसरीकडे आठवत नाही.

या येण्याजाण्याने डायम्यो कंगाल होत, कारण मिरवणूक इतमामाने न्यावी लागे. काही मोठ्या घराण्यांच्या मिरवणुकीत दोन-दोन हजार माणसं असत. पण त्याच पैशाने रस्ते, धर्मशाळा, बाजार वाढले, आणि अठराव्या शतकात एदो दहा लाखांवर वस्तीचं शहर झालं. अडीचशे वर्षं मोठं युद्ध झालं नाही. माझं मत विचाराल तर, शोगुनांची सर्वांत मोठी करामत हीच. लढणं हा ज्यांचा धंदा, त्या लोकांना त्यांनी हिशेब, हजेरी आणि प्रवासात गुंतवून टाकलं. त्याची किंमत शेतकऱ्याने भरली, कारण हे सगळं त्याच्या तांदळावर चालत होतं, आणि हे विसरून त्या राज्याचं कौतुक करू नये.

टोकियोच्या मध्यभागी ओतेमोन दरवाजातून एदो किल्ल्याच्या पूर्व बागेत शिरता येतं. प्रवेश विनामूल्य, सोमवार आणि शुक्रवार सोडून जा. तटाचे दगड खोलीएवढे. ते डायम्योंनी आपल्या खर्चाने, इझूहून जहाजांनी आणले, आणि काहींवर खुणा कोरलेल्या दिसतात. असला खर्च करायला लावणं हाही कारभाराचाच भाग. किल्ल्यांचा नियम तर फार कडक होता. पुराने पडलेला हिरोशिमाचा किल्ला परवानगीशिवाय दुरुस्त केला म्हणून १६१९ मध्ये फुकुशिमा मासानोरीचा मुलूख काढून घेतला गेला, आणि हा सेकिगाहाराला इएयासूच्या बाजूने लढलेला माणूस.

या किल्ल्यात कारभार चालायचा तो चार-पाच 'रोजूं'च्या हातून, म्हणजे ज्येष्ठ मंत्र्यांच्या. एकेका महिन्याची पाळी एकेकाकडे, महत्त्वाचं काम सगळ्यांनी मिळून. शोगुन कर्तबगार निघाला तर तो चालवी, नाही निघाला तर हे चालवत. आठवा शोगुन योशिमुने चालवणाऱ्यांतला. १७२१ मध्ये त्याने तक्रारपेटी ठेवली, कोणीही चिठ्ठी टाकावी, उघडणार स्वतः शोगुन. एका वैद्याने गरिबांसाठी दवाखाना मागितला, आणि पुढच्याच वर्षी कोइशिकावाला तो सुरू झाला.

बागेच्या उत्तर टोकाला मुख्य मनोऱ्याचा नुसता चौथरा आहे. मनोरा १६५७ च्या मोठ्या आगीत जळाला. चौथरा नव्याने बांधलाही, पण मग शोगुनचा काका होशिना मासायुकी म्हणाला की, आधी जळालेलं शहर उभं करू. मनोरा परत बांधला गेला नाही. मी त्या चौथऱ्यावर चढून उभा राहिलो. वर काहीही नाही, आणि समोर सगळं टोकियो.

१८५३ मध्ये अमेरिकेची काळी जहाजं आली. रानटी लोकांवर स्वारी करणारा महासेनापती त्यांना हाकलू शकला नाही, तेव्हा पदवीच्या अर्थावरच बोट ठेवलं गेलं. १८६७ च्या नोव्हेंबरमध्ये पंधरावा तोकुगावा शोगुन योशिनोबू याने निजो किल्ल्यात सरंजामदारांच्या प्रतिनिधींना बोलावून सत्ता सम्राटाला परत करत असल्याचं कळवलं. त्या मोठ्या दरबारात, जिथे पायरी आहे. पुढच्या वर्षी लढाई न होता एदो किल्ला सम्राटाच्या फौजांच्या ताब्यात गेला आणि सम्राट मेइजी क्योतोहून इथे आले. आज बागेच्या पश्चिमेला, खंदकापलीकडे, सम्राटांचं निवासस्थान आहे.

योशिनोबू १९१३ पर्यंत जगला. १८९८ मध्ये त्याला सम्राट मेइजींनी भेटीला बोलावलं, आणि तीस वर्षांनी शेवटचा शोगुन आपल्या घराण्याच्या किल्ल्यात पाहुणा म्हणून शिरला.